भागरताबाईच्या बांधीतला मंडप

"पाणी तं दरवर्सीच येते साहेब," आत्माराम वरून म्हणाला. "तलावाखालची जागा हाय. थोडंबहुत येइनच."

मी खड्ड्यात उभा होतो. बूट वर काढून ठेवलेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. खड्ड्याच्या मागच्या कोपऱ्यातून, म्हणजे तलावाच्या पाळीकडून, करंगळीएवढी धार येत होती. मी तिच्याखाली ओंजळ धरली. थोडा वेळ हात स्थिर ठेवले, तर ओंजळीच्या तळाशी बारीक माती बसली.

"दरवर्षी असंच गढूळ येतं का?"

आत्माराम गप्प बसला. तो त्या गावच्या नाट्य मंडळाचा अध्यक्ष. धोतर, वर खाकी शर्ट, आवाज स्टेजवरचा. एरवी एक विचारलं तर चार सांगणारा माणूस. तो गप्प बसला म्हणजे उत्तर मिळालं.

ही ऐंशी साल उजाडायच्या आधीची गोष्ट. मी भंडाऱ्याला बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. लोक आम्हाला ओव्हरसियरच म्हणत. कामं रस्त्यांची, मोऱ्यांची, शाळाखोल्यांची. पण दिवाळी झाली की टेबलावर वेगळेच अर्ज येऊन पडायचे. मंडपाचे.

मी अमरावतीकडचा, कपाशीच्या मुलखातला. मंडई म्हणजे भाजीबाजार, एवढंच मला ठाऊक होतं. इथं आल्यावर कळलं की भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दिवसा दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच. रात्री नाटक. पाहुणेरावळे येतात, सासरी गेलेल्या लेकी येतात, पोरापोरींची लग्नंही तिथंच जुळतात. नाटक नसेल तर मंडईला रंग नाही, आणि पाहुणेही यायचे नाहीत.

नाटकाला मंडप लागतो. बल्ल्या, बांबू, वर ताडपत्री, चारी बाजूंनी कनात. एका रात्रीपुरतं थिएटर. त्यात दोन हजार माणूस दाटीवाटीनं बसणार, म्हणून तहसीलचा परवाना हवा. परवान्यासाठी दोन कागद लागत. एक पोलिसांचं ना-हरकत पत्र आणि दुसरा आमचा दाखला. दाखल्याचा अर्थ साध्या भाषेत एवढाच, की मंडप मी पाहिला आहे आणि तो लोकांच्या डोक्यावर पडणार नाही. खाली सही. पडलाच तर लोक आधी सहीवाल्याला शोधत येतात.

मंडपाच्या आतली जमीन हे लोक खणून घेतात. स्टेजपुढं खोल, मागं उथळ, असा उतार करतात. मग मागच्याला पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. निघालेल्या मातीचं स्टेज होतं. खुर्च्या नाहीत, बाल्कनी नाही, पण दिसतं सगळ्यांना. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खूश झालो होतो. आमच्या खात्यानं इतक्या अकलेनं कधी काही खणल्याचं मला आठवत नाही.

अड्याळच्या पुढच्या या गावात मात्र घोळ झाला होता. नाटकाची जागा तलावाच्या पाळीखाली. यंदा गर्दी जास्त होणार म्हणून त्यांनी खड्डा मागं वाढवला, आणि वाढवता वाढवता पाळीचा पायथाच कापला. पलीकडं तलाव भरलेला होता. पाळीवरून आमच्या खात्याचा कच्चा रस्ता जात होता.

पाळ म्हणजे मातीची भिंत. तिच्यातून थोडं पाणी झिरपणारच. ते स्वच्छ असेल तर खुशाल झोपावं. गढूळ आलं तर समजायचं, पाणी आतली माती घेऊन निघालंय आणि आत पोकळी होतेय. आज करंगळी, उद्या मनगट. त्यानंतर मोजायला कोणी थांबत नाही.

"दाखला मिळणार नाही," मी वर येत म्हणालो. "आणि दाखल्याचं राहू द्या, आधी हे बुजवा. मुरूम आणा, पोती भरा, धुम्मसानं ठोकून घ्या. आजच."

"साहेब, मंडई परवा हाय."

"म्हणूनच आज म्हणतोय."

माझा स्वभाव तापट. गावकरी हुज्जत घालतील म्हणून मी बाह्या सरसावूनच उभा होतो. पण आत्मारामनं हुज्जत घातली नाही. त्यानं माणसं बोलावली. टोपली आली, मुरमाची गाडी आली, काम सुरू झालं. पाळ गावचीच होती, आणि खालचं उभं धानही गावचंच. मी सावलीत बसून चहा प्यालो आणि माणुसकीनं म्हणालो, "अध्यक्ष, नाटक पुढच्या वर्षी करा. एक साल चुकलं तर काय बिघडतं?"

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. जमिनीकडं बघत बोलायला लागला.

"माही बहीण हाय, भागरता. माह्याहून मोठी. घरधनी नाही. एकच पोरगी, सुमन. तिचं लग्न मीच लावून देल्लं. पंगतीत इवायाले मानाचा पाट द्याचा होता, अन् मी गॅसबत्ती दुरुस्त करत बसलो. त्या पाटावर दुसराच माणूस बसून गेला. इवाई जेवल्याबिगर उठला. तवापासून पोरीले माहेरी पाठवत नाही. दोन दिवाळ्या झाल्या. चूक माही, अन् भोगून राहिली भागरता."

इवाई म्हणजे व्याही.

"मग त्याचा नाटकाशी काय संबंध?"

"इवाई नाटकाचा पागल हाय साहेब. जवायालेबी तोच नाद. म्हणून यंदा मी जवायाले, किसनरावले, राजपुत्राचं काम देल्लं. पोरगा स्टेजवर उभा राहीन तं बाप पाहाले येइन. अन् बाप घरच्या सगळ्याइले गाडीत घालून येइन. सुनेले पाठवा म्हटलं तं पाठवत नाही, पण नाटकाले येतो म्हणून सांगून पाठवलं."

"जावई चांगले नट आहेत का?"

"कायचे चांगले. दगड हाय. पण काय करता."

मला हसू आलं. त्याला नाही आलं.

"भागरताबाईंना माहीत आहे हे?"

"नाही सांगलं. मांगच्या साली पोरगी येते येते म्हणून फाट्यावर जाऊन उभी राह्यली. एसटी आली का पुढं जाये, गेली का मांगं ये. आता आस लावून पुन्हा तोडाची कोणं? आली तं दिसनच. नाही आली तं तिले ठाऊकच नाही. तुमीबी बोलू नका साहेब."

मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण वाईट वाटल्यानं पाळीतलं भोक बुजत नाही. मी उठलो आणि आजूबाजूला बघायला लागलो.

चारी बाजूंना भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान उभं होतं. त्याच्या कापणीला अजून अवकाश होता. गावठाणात बैलगाडी वळायची मारामार. शाळेच्या आवारावरून विजेची तार गेलेली, तिच्याखाली मंडप म्हणजे आत्महत्या. तेवढ्यात पाळीपासून चांगल्या अंतरावर मला दोन बांध्या दिसल्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं धानाचं शेत. त्या दोन्ही कापून झालेल्या. एक वर, एक खाली, मध्ये गुडघाभर फरक. मी तिथल्या तिथं हिशेब केला. खालच्या बांधीत स्टेज, वरच्या बांधीत माणसं. पुढच्या ओळी खाली धुऱ्यालगत बसवल्या तर खड्डा खणायचीही गरज नाही.

"ती बघा," मी म्हणालो. "रिकामी आहे. कुणाची?"

आत्मारामनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ते नाही होत साहेब. ते भागरताची हाय."

"मग तर घरचीच झाली. विचारा तिला."

"मी नाही विचारत. आत्ताच भाऊबीज झाली. भावानं बहिणीले द्याचं असते. मांगाचं नसते."

"मग गावातलं दुसरं कुणी विचारेल."

"कोणीबी विचारलं तं माह्यासाठीच विचारलं होते ना. अध्यक्ष मी."

आता मात्र मी भडकलो. इकडं पाळ आडवी, तिकडं भाऊबीज आडवी. पोरगी माहेरी यावी म्हणून या माणसानं अख्खं नाटक उभं केलं, आणि बहिणीपुढं दोन शब्द काढायला त्याची जीभ रेटेना. मी तसं त्याला तोंडावर म्हणालो. तो म्हणाला, "तुमी वऱ्हाडातले. तुमच्याकडं चालत असन."

आमच्याकडंही चालत नाही, हे मला माहीत होतं. माझ्या मामानं माझ्या आईच्या घरचं कधी पाण्याव्यतिरिक्त काही घेतल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं मी जास्त ताणलं नाही.

"मी विचारतो," मी म्हणालो. "मला काही ती ओवाळत नाही."

भागरताबाई धुऱ्यावर बसून धानाच्या पेंड्या बांधत होती. वाळकी, काटक बाई. लुगड्याचा काचा मारलेला. मी नाव सांगितलं, खातं सांगितलं. तिनं हात न थांबवता ऐकून घेतलं.

"बाई, तुमच्या या दोन रिकाम्या बांध्या मंडपाला द्या. दोन दिवसांचं काम आहे."

"रिकाम्या?"

ती उठली, बांधीत उतरली आणि वाकून तिनं हातानं धानाचं धसकट बाजूला केलं. खाली हिरवंगार होतं. बोटभर उंचीचे नाजूक वेल, जिकडं पाहावं तिकडं.

"लाखोरी हाय," ती म्हणाली.

मला कपाशीवाल्याला ते कुठून कळणार. झाडीपट्टीत धान उभं असतानाच ओल्या मातीवर लाखोरी फेकून ठेवतात. धान निघतं तोवर खाली लाखोरी वर आलेली असते. नांगरायला नको, पेरायला नको. वर्षाची डाळ होते.

"इथं दोन हजार माणूस बसलं तं काय राहीन?"

"काही नाही राहणार," मी खरं तेच सांगितलं.

"मंग नाही. वर्साची डाळ हाय माही. रिकामं पोतं घेऊन भावाच्या दारी जाऊ का?"

ती परत धुऱ्यावर जाऊन पेंड्या बांधायला लागली. वाद नाही, राग नाही. नाही म्हणजे नाही. मी मागं वळून पाहिलं तर आत्माराम लांब पलीकडच्या धुऱ्यावर आमच्याकडं पाठ करून उभा होता.

मी दहा पावलं गेलो असेन. आमचे एक जुने साहेब म्हणायचे, सरकारी माणसानं लोकांच्या पाण्यात आणि लोकांच्या नात्यात पाय घालू नये. पाण्यात तर मी सकाळीच पाय घालून बसलो होतो. मी परत फिरलो.

"बाई, आत्माराम सांगू नका म्हणाला होता. पण सांगतो. तुमचे जावई नाटकात आहेत."

तिचे हात थांबले. "कोणाचे जवाई?"

"तुमचे. किसनराव. राजपुत्राचं काम आहे. तुमचे व्याही घरच्यांना घेऊन बघायला येणार आहेत."

मग तिनं हळू आवाजात विचारलं, "सुमन येते?"

"नाटक झालं तर येते."

तिनं हातातली पेंडी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं. डोळे पुसले असं मी म्हणणार नाही, तोंडच पुसलं. मग पलीकडच्या धुऱ्याकडं पाहून म्हणाली, "म्हणून हा भाऊबीज झाल्यापासून माह्यापुढं येत नाही. मले वाटलं, यंदा लुगडं हलकं आणलं म्हणून लाजून राहिला."

तिनं हाक मारली. तो आला. मान खाली.

"तोंड नव्हतं का तुले?"

"बाई, मी कसा मांगू?"

"तू नको मांगू. तुह्यासाठी नाही देऊन राहिली मी. लेकीसाठी देऊन राहिली. तू मंधात येऊ नको."

एवढ्या तीन वाक्यांत तिनं भाऊबीजही सांभाळली आणि जागाही दिली. मला दिवसभरात सुचलं नव्हतं ते. मी संमतीचा कागद लिहिला, तिनं अंगठा दिला. अंगठा देताना म्हणाली, "एक काम करा. उद्या फटफटलं का गावातल्या बायाइले येऊ द्या. लाखोरी खुडून घेऊ. कवळी हाय, भाजी होइन. मंग तुमच्या बल्ल्या गाडा. अन्न पायाखाली नाही देता येत."

संध्याकाळच्या एसटीनं मी भंडाऱ्याला परतलो. निघण्याआधी पाळ पुन्हा पाहिली. मुरमाची पोती रचून, ठोकून घट्ट केलेली. पाणी अजून पाझरत होतं, पण स्वच्छ.

आमचे डेप्युटी इंजिनिअर साहेब घरी निघायच्या तयारीत होते. मी जागा बदलल्याचं सांगितलं.

"जागा बदलली म्हणजे अर्ज नवा. पोलिसांचं पत्र नवं. मंडई परवा. जमणार नाही," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

"सर, जुन्या जागेवर त्यांनी पाळीचा पायथा कापला होता. गढूळ पाणी येत होतं."

साहेब परत खुर्चीत बसले. "आपल्या रस्त्याखालची पाळ?"

"हो सर."

"आता?"

"बुजवली. आता स्वच्छ येतंय."

"कुणी बुजवली?"

"गावानं. मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं."

साहेबांनी टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. "असं बघा. मंडप पडला तर तुमची नोकरी जाईल. पाळ फुटली असती तर माझी गेली असती. म्हणजे त्या गावाचे माझ्यावर उपकारच झाले." त्यांनी अर्जावर शेरा मारला, की जागा बदलास हरकत नाही, पाहणी करून दाखला द्यावा. "पोलिसांना मी फोन करतो. जमीनवाल्याची संमती?"

"बाई आहेत. अंगठा घेतलाय."

"एक लक्षात ठेवा. धानाची जमीन, खाली ओल असणार. खुंटी धरणार नाही. नाही धरली तर दाखला द्यायचा नाही. दयामाया नाटकात दाखवू द्या, आपण नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी पोचलो तेव्हा दोन्ही बांध्यांत बायाच बाया होत्या. ओळीनं वाकलेल्या, लाखोरीचे शेंडे खुडून ओच्यात टाकत होत्या. खुडता खुडता हसणं-बोलणं चाललेलं. भागरताबाई त्यांच्या मधोमध. तिच्यावर थट्टेचा मारा चालला होता. राजपुत्राची सासू म्हणजे राणीच की, असं कुणीतरी म्हणालं, आणि राणीनं तिला धसकट फेकून मारलं.

धुऱ्यावर मंडपवाले रहमानभाई बसले होते. पवनीला त्यांचं बिछायत केंद्र. आमच्याकडं मंडप, सतरंज्या, गाद्या भाड्यानं देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्रच म्हणतात. त्यांची माणसं बल्ल्यांच्या ढिगाशेजारी बिडी ओढत होती.

"साहब, जिंदगी में बहुत मंडप ठोके," रहमानभाई मला म्हणाले. "लेकिन सब्जी टूटने तक रुको, ये पहली बार सुना."

सब्जी संपली आणि बल्ल्या उभ्या राहिल्या. मग साहेबांचं भाकीत खरं ठरलं. पहिली खुंटी ठोकली, दोर बांधला, दोन माणसांनी ओढला, आणि खुंटी सरळ वर आली. लांब खुंटी आणली. तीही आली. तिसरीचं तेच.

मंडप पडतो तो वजनानं नाही, वाऱ्यानं. वारा आत शिरला की ताडपत्री फुगते आणि सगळा डोलारा वर उचलला जातो. त्याला खाली धरून ठेवतात ते हे दोर. त्यांना ताण म्हणतात. ताणाचा जीव खुंटीत. खुंटी ढिली असेल तर तो मंडप नाही, पतंग आहे.

"एक रात की बात है साहब," रहमानभाई म्हणाले. "हवा कहाँ है?"

"हवा सांगून येते का?" मी ओरडलो. आत्मारामचा चेहरा उतरला. भागरताबाई ओच्यातली भाजी सांभाळत धुऱ्यावर उभी होती. ते बघणं मला जास्त जड गेलं. साहेबांचं वाक्य डोक्यात होतं. खुंटी धरली नाही तर दाखला द्यायचा नाही. आणि त्या बाईची डाळ तर सकाळीच खुडून झाली होती.

मी धुऱ्यावर बसलो आणि विचार केला. ओल्या मातीत खुंटी टिकत नाही, कारण ती जशी सरळ जाते तशीच सरळ येते. मग सरळ जाणारी वस्तूच नको. कमरेइतका खोल खड्डा खणायचा. त्यात जाड ओंडका आडवा टाकायचा. त्याच्या मध्यावर दोर बांधून वर आणायचा, आणि खड्डा भरून धुम्मसानं ठोकायचा. मग दोर ओढला तर त्या ओंडक्याला वरची सगळी माती उचलावी लागते. पुलाच्या कामावर आम्ही हे करत होतो. मंडपाला कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ओंडके लागतील," मी म्हणालो. "प्रत्येक ताणाला एक."

झाडीपट्टीत लाकडाचा काय तोटा. घराघरातून, गोठ्यातून, कुंपणातून ओंडके आले. कुणी बसायचा ओंडका आणला, कुणी बैलाच्या गव्हाणीचा. मी भागरताबाईला विचारलं, "बाई, बांधीत खणावं लागेल. चालेल?"

"लाखोरी गेली, आता मातीचं काय विचारता. खणा."

दुपारभर खणणं चाललं. प्रत्येक ताण तयार झाला की मी त्याला चार चार माणसं लटकवली. आधी लोकांना गंमत वाटली. मग एका कोपऱ्यातला ताण सैल निघाला, खड्डा नीट ठोकला नव्हता. मी तो पुन्हा उकरायला लावला तेव्हा रहमानभाईंनी हात जोडले. पण माणूस इमानी. पुढचा प्रत्येक खड्डा त्यांनी स्वतः उभं राहून ठोकून घेतला. मी कनातीत चारी बाजूंना बैलगाडी जाईल एवढ्या वाटा ठेवायला लावल्या. म्हणजे पळायची वेळ आलीच तर माणसं दोरात अडकू नयेत.

मंडईच्या दिवशी दुपारी शेवटची पाहणी केली. सगळे ताण तंबोऱ्याच्या तारेसारखे. मी आत्मारामला वळायला सांगितलं आणि त्याच्या पाठीवर कागद ठेवून दाखल्यावर सही केली. नायब तहसीलदार बंदोबस्तासाठी गावातच आले होते. त्यांनी दाखला पाहिला, पोलिसांचं पत्र पाहिलं आणि परवाना लिहून दिला. आत्मारामनं तो डोक्याला लावला आणि खिशात घातला.

माझं काम संपलं होतं. मी निघायला हवं होतं, पण निघालो नाही. खोटं कशाला बोलू, मला बघायचं होतं.

उन्हं उतरताना रेंगी आली. रेंगी म्हणजे माणसं बसायची लहान बैलगाडी. पुढं इवाई, डोक्याला गुलाबी फेटा, मिशी वळवलेली. आत्माराम पळत गेला. बैल सोडायच्या आधीच त्यानं इवायाचे पाय धरले आणि त्यांना हाताला धरून थेट मंडपात नेलं. स्टेजसमोरची पहिली गादी रहमानभाईंकडून त्यानं मागून घेतली होती, वर पांढरी चादर. तिच्यावर इवायाला बसवलं आणि तो स्वतः शेजारी मातीत बसला. नाटकाला अजून तासन् तास होते. पण इवाई त्या गादीवरून हलले नाहीत.

रेंगीतून सुमन उतरली. भागरताबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. रडारड झाली नाही, काही नाही. भागरताबाईनं तिचा हात धरला, मनगटापासून कोपरापर्यंत चाचपून पाहिला आणि म्हणाली, "वाळली." मग हात न सोडताच तिला घराकडं घेऊन गेली. मी उगाच एका ताणाला हात लावून पाहिलं आणि एसटी पकडायला निघालो.

नाटकाची हकीकत पुढं आत्मारामनं कचेरीत येऊन सांगितली. राजपुत्र भर दरबारात वाक्य विसरला. प्रॉम्प्टरचा आवाज त्याच्यापर्यंत पोचेना. तेव्हा पहिल्या गादीवरून इवायानंच खणखणीत आवाजात वाक्य सांगितलं आणि टाळ्या इवायाला पडल्या. त्या खुशीत सकाळी त्यांनी सुनेला माहेरी राहू दिलं. ती संक्रांतीपर्यंत राहिली. लाखोरीचा हंगाम आला तेव्हा ज्या बायांनी भाजी खुडून नेली होती त्यांनी पसा पसा लाखोरी भागरताबाईच्या घरी आणून दिली. तिनं कुणाकडं मागितली नव्हती.

पुढच्या दिवाळीनंतर त्या गावाचा अर्ज पुन्हा आला. जागा तीच लिहिलेली. मी पाहणीला गेलो तर भागरताबाई धुऱ्यावर होती. आजूबाजूच्या कापलेल्या बांध्यांत धसकटाखाली लाखोरी वर आलेली दिसत होती. आता मला दिसायला लागली होती. मी तिच्या बांधीत उतरलो, वाकलो, हातानं धसकट बाजूला केलं. खाली नुसती माती. दुसरीकडं पाहिलं. तिथंही माती.

"बाई, यंदा लाखोरी काहून नाही टाकली?"

"बाकीच्यात टाकली. या दोनात नाही टाकली."

"का?"

"लेक येते ना साहेब," ती म्हणाली. "तिच्यापुरती जागा ठेवली."

दोन हजार माणूस बसेल एवढी होती ती जागा.

मी दाखला लिहिला. पुढं निवृत्त होईपर्यंत मंडपांचे पुष्कळ दाखले दिले, काही नाकारलेही. परवानगी आम्ही देतो, असं आम्हा सरकारी लोकांना उगाच वाटत असतं. ती ज्याच्या जमिनीत खुंटी जाते त्यानं आधीच दिलेली असते. आपण फक्त खुंटी धरते की नाही ते पाहायचं.